पुस्तक अर्ध्यात असतानाच घेऊन या

आमच्या वाचनकट्ट्यावर पुस्तक आणायचं ते चालू असलेलं. वाचून संपलेलं नको. पानात खूण हवी, आणि खुणेच्या पुढे काय आहे हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसावं. बाकी कशाचीच अट नाही.

पहिल्या वर्षी असं नव्हतं. महिन्याला एक पुस्तक ठरवायचं, सगळ्यांनी वाचून यायचं आणि मग चर्चा, अशी शहरातली पद्धत आम्ही उचलली होती. देवगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर ती चालेना. गावच्या वाचनालयात पुस्तकाची एक प्रत, ती एकाकडे गेली की पंधरा दिवस तिकडेच. आठ जणांनी ती कधी वाचायची? ज्यांचं वाचून व्हायचं नाही ते संकोचाने यायचेच थांबले. जे यायचे, त्यांचं बोलणं शाळेतल्या वक्तृत्वासारखं व्हायचं. लेखकाचा परिचय, कथेचा सारांश, मला आवडलेलं पात्र, आणि एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.

मग एका रविवारी शेजारच्या काकी कादंबरी निम्मीच वाचून आल्या. पुस्तक उघडून म्हणाल्या, "माजा अर्धाच झाला हा. पन ह्या बायेन घर सोडल्यान, ता काय माका पटूक नाय." कोणीतरी विचारलं, का पटलं नाही? काकींनी ते पान वाचून दाखवलं. दुसरी म्हणाली, मी असते तर त्याच्याही आधी सोडलं असतं. अर्धा तास त्यातच गेला. निघताना एक जण उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "मगे फुडे काय झाला?" काकींना सांगता येईना, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. पुढच्या बैठकीला सगळे तेवढ्यासाठी आले.

त्याला आता सहा वर्षं झाली. संपलेल्या पुस्तकाबद्दल माणूस निकाल सांगतो. चालू पुस्तकाबद्दल त्याच्या मनात प्रश्न असतात, आणि त्या प्रश्नांत बाकीच्यांना शिरायला जागा मिळते. तुमच्या वाडीत, गावात, सोसायटीत असं काही सुरू करायचं असेल तर काय काय करावं लागतं, ते आम्हाला जसं उमगत गेलं तसं लिहिते आहे.

वाचतानाच करायची तयारी

जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. जाड कागद उभा कापला की एका पत्रिकेच्या चार-पाच खुणा होतात, आणि मागची कोरी बाजू लिहायला मिळते. पुस्तक वाचायला घेतलं की अशी एक खूण आणि एक पेन्सिल त्यातच ठेवायची. खुणेवर तीनच गोष्टी लिहायच्या: कितव्या पानावर आहे आणि तारीख काय, कुठली ओळ किंवा प्रसंग डोक्यात राहिला, आणि हे वाचताना कोणाची आठवण झाली.

तिसरी नोंद सगळ्यात मोलाची. मी एकदा शेतीवरचं एक पुस्तक वाचत होते. त्यात कलमांच्या छाटणीवर एक प्रकरण होतं. मला त्यात फारसा रस नव्हता, पण खुणेवर 'खालच्या वाडीतले अण्णा' एवढं लिहून ठेवलं. कट्ट्यावर त्या प्रकरणातलं एक पान मी अण्णांकडे बघून वाचलं. अण्णा तोवर बायकोला सोडायला यायचे आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहायचे. त्या दिवशी ते ओटीवर चढले. पुस्तक महिनाभर त्यांच्याकडे होतं आणि परत आलं तेव्हा आत त्यांच्या खुणा होत्या, आंब्याच्या पेटीवरच्या पुठ्ठ्याच्या.

पुस्तकात पेनाने रेघा ओढायच्या नाहीत आणि पान दुमडायचं नाही. आपल्याकडच्या दमट हवेत दुमडलेला कोपरा दोन पावसाळ्यांत तुटून हातात येतो.

वाचून दाखवायला एक पान पुरे. छापील पानावर साधारण अडीचशे-तीनशे शब्द असतात आणि ते सावकाश, मोठ्याने वाचायला दोन ते तीन मिनिटं लागतात. घरी एकदा मोठ्याने वाचून बघाच. डोळ्यांनी वाचताना जी वाक्यं सुंदर वाटतात, त्यातली काही तोंडाने वाचताना अडखळतात, आणि काही साधी वाटलेली वाक्यं अशी उभी राहतात की आपलाच आवाज बदलतो. उतारा कसा निवडायचा याची एक कसोटी मी वापरते. तो समजायला मागचं दोन वाक्यांपेक्षा जास्त सांगावं लागत असेल तर दुसरा निवडायचा.

आणि ललितच हवं असं नाही. एका भावाने मासळीवरच्या माहितीच्या पुस्तकातला अर्धा परिच्छेद आणला होता. त्यात तारली आणि पेडवे एका ओळीत उरकले होते. ते ऐकून बोटीवर जाणारे दुसरे भाऊ सरसावून बसले: "तारली येगळी, पेडवो येगळो." पुढची दहा मिनिटं त्यांनी दोन्ही मासे कुठे, कधी आणि कुठल्या जाळ्यात लागतात ते सांगितलं. त्या माणसाला त्याआधी कोणी पुस्तकाविषयी काही विचारलंच नव्हतं.

माणसं कुठे शोधायची

फलकावर 'वाचनाची आवड असणाऱ्यांनी यावे' असं लिहू नका. कोणी येत नाही. स्वतःला वाचक म्हणवून घ्यायला लोक लाजतात. एकेकाला घरी जाऊन किंवा रस्त्यात थांबवून एवढंच विचारायचं: सध्या काय वाचताय? मग गप्प राहून ऐकायचं. बहुतेक जण आधी म्हणतात, काही नाही हो. जरा वेळाने म्हणतात, म्हणजे तसं रोज रविवारची पुरवणी जपून ठेवलेली वाचतो. किंवा, मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचलं. हे सगळे वाचक आहेत.

श्रावणात पोथी लावणाऱ्या आजींना विसरू नका. मोठ्याने कसं वाचायचं, कुठे थांबायचं, ऐकणाऱ्याचं लक्ष सुटलं की आवाज कसा खाली आणायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला येत नाही. आमच्याकडे ज्याला स्वतःचा उतारा वाचायचा संकोच वाटतो तो पुस्तक आजींच्या हातात देतो.

गावच्या ग्रंथपालांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कोण काय नेतं हे त्यांना ठाऊक असतं. देवघेवीची नोंदवही आपण मागायची नाही. ते बरोबर नाही. आपला निरोप त्यांनाच वाचकापर्यंत पोचवायला सांगायचा. कोकणात ही परंपरा फार जुनी आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी छोटी वाचनालयं आज आडगावांतही आहेत. अनेकांच्या दारात दिवसातून दोन-चार तासच दिवा असतो, वाचक कमी म्हणून खुर्च्या रिकाम्या असतात. त्यांना कट्टा हवाच असतो. पुस्तकं तिथे आहेत, बसायला जागा आहे, आणि ग्रंथपाल स्वतः वाचणारा निघाला तर तुमचं अर्धं काम झालं.

संख्या पाच ते नऊ. पाचपेक्षा कमी असले आणि दोघे आले नाहीत तर बैठक ओस पडते. नऊपेक्षा जास्त झाले की प्रत्येकाला वेळ मिळत नाही. मग दुसऱ्या वाडीत दुसरा कट्टा सुरू करायचा.

जागा आणि चहा

वाचनालय नसेल तर घराची ओटी किंवा पडवी उत्तम. आतली खोली नको. ओटीवर उशिरा येणारा गुपचूप येऊन बसू शकतो, तान्हं मूल घेऊन आलेली बाई उठून खळ्यात फेऱ्या मारता मारता ऐकू शकते, आणि रस्त्यावरून जाणारा थांबून विचारतो, काय चाललंय? आमच्यातले दोघे असेच आले आहेत. पावसात वीज जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवायचा.

खाण्याबद्दल मात्र पहिल्याच बैठकीत ठरवून टाका: फक्त चहा. आमच्याकडे हे ठरवायला दीड वर्ष लागलं. पहिल्या घरी भजी झाली, दुसरीने घावणे आणि चटणी केली, तिसऱ्या घरी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. चौथीची पाळी आली तेव्हा तिने कारण सांगून बैठक टाळली. आणि जिच्या घरी कट्टा, ती पूर्ण वेळ चुलीपाशी. तिच्या पुस्तकातलं एक पानही कोणी ऐकलं नाही. मला याचं अजून वाईट वाटतं. आता चहासुद्धा ज्याची बोलायची पाळी होऊन गेली आहे तो करतो, पुरुष असो वा बाई.

बैठक कधी भरवायची

महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार, दुपारी चार ते साडेपाच, असं आमचं ठरलेलं आहे, पण किनाऱ्यावर कॅलेंडरचा रविवार सगळ्यांचा नसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत खलाशी मंडळी घरी असतात, जाळ्यांची डागडुजी चालू असते, आणि कट्ट्याला तेव्हाच सगळ्यात जास्त पुरुष येतात. जुलैत लावणीच्या आठवड्यात बाया येऊ शकत नाहीत, तर तेव्हा बैठक रात्री जेवणानंतर घेतो, तासभरच. गणपतीत सरळ सुट्टी. शिमग्यात तसंच. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात. आदल्या रात्री गावात दशावताराचं नाटक रात्रभर चाललं असेल तर दुसऱ्या दिवशी कोणाला पुस्तक दिसत नाही, ती बैठक पुढे ढकलायची.

एप्रिल-मे हा खरा पेच. आंबा उतरायला लागला की कोणाला बसायला वेळ नाही. पहिली दोन वर्षं आम्ही कट्टा बंद ठेवला आणि जूनमध्ये पुन्हा सुरू करताना निम्मी माणसं गळाली. तिसऱ्या वर्षी काकींच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पेट्या भरताना कोणीतरी म्हणालं, कोणी वाचून तरी दाखवा. तेव्हापासून हंगामात कट्टा तिथेच भरतो. सात-आठ जण आंबे निवडतात, आकाराप्रमाणे लावतात, पेंढा घालून पेट्या बांधतात, आणि एक जण उलट्या टाकलेल्या क्रेटवर बसून वाचतो. तासाभराने वाचणारा बदलतो. वाचणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत म्हणून दाराशी बादली आणि फडकं असतं, कारण आंब्याचा चीक पानाला लागला तर तो डाग जात नाही. कामाला हात आणि ऐकायला कान मोकळे राहतात असं साहित्य यासाठी निवडायचं. प्रवासवर्णनं, आठवणी, छोट्या कथा छान चालतात. आकडेवारी आणि वंशावळ्या नाही चालत.

प्रत्यक्ष बैठक

प्रत्येकाला सात मिनिटं. त्यातली दोन-तीन वाचण्यात जातात, बाकी बोलण्यात आणि प्रश्नांत. घड्याळ एकाच्या हातात द्यायचं. प्रत्येक गटात एखादे जाणते गृहस्थ असतात, ज्यांना खूप माहीत असतं आणि बोलायला लागले की थांबत नाहीत. घड्याळ त्यांच्याकडेच द्या. आमच्याकडचे सर दुसऱ्यांची सात मिनिटं इतक्या मनापासून राखतात की स्वतःचीही साडेसहातच संपवतात.

बोलायची सुरुवात एका ठराविक वाक्याने करायची: 'मी अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर आहे.' एवढ्या वाक्याने दडपण जातं. पान बारावं असो की तीनशेवं, दोन्ही सारखंच. मग पुस्तक कशाबद्दल आहे ते एका वाक्यात, मग उतारा, आणि शेवटी मनातला प्रश्न. कथा पहिल्यापासून सांगायची नाही. ज्याला कथा हवी आहे तो पुस्तक नेईल.

ऐकणाऱ्यांसाठीही दोन नियम आहेत. पहिला प्रश्न त्याच पुस्तकाबद्दल विचारायचा. 'यावरून मला माझ्या पुस्तकातलं आठवलं' हे दुसऱ्या फेरीत. आणि ज्याने ते पुस्तक आधी वाचलंय त्याने पुढचं काहीही सांगायचं नाही, तोंडावर भावही आणायचा नाही. हा नियम आम्ही फार महागात शिकलो. नववीतला एक मुलगा रहस्यकथा घेऊन आला होता. डोळे चमकत होते, गुन्हेगार कोण याचे त्याने तीन अंदाज मांडले. आमच्यातल्या एकाने कौतुकाच्या भरात म्हटलं, "अरे, दुसरा तुझा बरोबर आहे!" मुलाने पुस्तक मिटलं. नंतर दोन महिने तो आला नाही. मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याने ते पुस्तक पुढे वाचलंच नव्हतं. आता आधी वाचलेल्यांना फक्त दोन शब्दांची परवानगी आहे: "वाच, वाच."

सोडून दिलेलं पुस्तकही आणू द्या. कितव्या पानावर सोडलं आणि का, एवढं सांगायचं. भाषा जड वाटली, अक्षर बारीक होतं, पात्राचा राग आला, आई आजारी पडली आणि नंतर हातात घ्यावंसं वाटलं नाही, कुठलंही कारण चालतं. ही सात मिनिटं अनेकदा सगळ्यात प्रामाणिक असतात. आणि सोडलेलं पुस्तक लगेच दुसरा कोणीतरी मागून नेतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मला त्याचं नवल वाटत नाही. ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतं आणि लगेच पुढचं सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. कट्ट्यावर हे दुसरं काम जास्त होतं.

वाद होणार. जात, धर्म, राजकारण, सासू-सून, काहीही निघतं. तेव्हा मी एकच म्हणते: पान उघडा. बोलायचं ते त्या पानावर जे लिहिलंय त्याबद्दल. ओळ पुन्हा वाचली की निम्म्या वेळा कळतं, लिहिणाऱ्याने तसं म्हटलंच नव्हतं. उरलेल्या निम्म्या वेळा वाद राहतो, आणि तो राहू द्यायचा. दुसऱ्या दिवशी बाजारात तीच दोन माणसं सुरमईच्या टोपलीशी उभी राहून तेच बोलताना दिसतात.

न बोलणाऱ्याला 'तुम्ही पण बोला ना' म्हणू नका, तो आणखी आत जातो. फक्त विचारा, कितव्या पानावर आहात? आकडा सांगायला धैर्य लागत नाही. आकड्यामागोमाग बहुधा वाक्य येतं.

वही

एक दोनशेपानी वही करा. रकाने सहा: तारीख, नाव, पुस्तक, पान, एक ओळ, पुढे कोणाला. शेवटचा रकाना सोडू नका. बैठक संपताना प्रत्येक पुस्तकासाठी विचारायचं, हे संपल्यावर कोणाला हवंय? जो हात वर करेल त्याचं नाव तिथे. वाचनालयाचं पुस्तक असेल तर ते हातोहात द्यायचं नाही. आधी वाचनालयात जमा करून मग दुसऱ्याच्या नावावर घ्यायचं, नाहीतर दंड आणि गैरसमज पहिल्याच्या माथी.

'एक ओळ' या रकान्यात मत लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. आमच्या वहीत एका जुलैतल्या पानावर काकींच्या हातची नोंद आहे: 'पान ८८. ह्या माणसाच्या घरात तेरा माणसं आणि एकच कंदील.' त्या ओळीवरून चौघांनी ते पुस्तक वाचलं.

पावसाळ्यातलं पुस्तक

हे नीट वाचा, कारण कोकणात पुस्तकं माणसांमुळे कमी आणि हवेमुळे जास्त जातात. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू शकते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती बहुतेक वेळ त्याच्या कितीतरी वर असते.

कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. पुस्तकं ठासून भरू नका. पाऊस उघडला आणि ऊन पडलं की कपाटाची दारं तासभर उघडायची, पंखा लावायचा, पण पुस्तकं उन्हात टाकायची नाहीत. उन्हाने कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, पुठ्ठा वाकतो. डांबराच्या गोळ्या कसरीला दूर ठेवतात, बुरशीवर त्यांचा उपयोग नाही, आणि लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवायच्या नाहीत. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पुस्तक हातात असणं. जे पुस्तक दर पंधरा दिवसांनी कोणीतरी उघडतं त्याला बुरशी सहसा धरत नाही. पावसाळ्यात कट्टा जास्त जोरात चालवायचं हेही एक कारण आहे.

पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरी जाताना दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तोंड खाली दुमडून. घरी पोचल्यावर मात्र लगेच पिशवीतून बाहेर काढायचं, आत दमट हवा कोंडून राहते. मी एकदा वाचनालयाचं चित्रांचं पुस्तक एकाच पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलं. वाटेत सर आली, डिकीत पाणी शिरलं. घरी येऊन मी ते तसंच पंख्याखाली ठेवलं आणि झोपले. सकाळी गुळगुळीत पानांची वीट झाली होती. नवीन प्रत भरून दिली, पण ते पुस्तक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून सांगते, गुळगुळीत कागदाचं पुस्तक भिजलं तर ते ओलं असतानाच पानं अलगद सुटी करायची आणि मध्ये कोरे टिपकागद घालायचे. वर्तमानपत्र नको, शाई उमटते. साधा कागद असेल तर पुस्तक उभं करून पंख्यासारखं उघडायचं आणि फॅन लावायचा. ओल्या पुस्तकाला आपल्या हवेत दोन दिवसांत बुरशी लागू शकते. लगेच सुकवणं शक्य नसेल तर दोन पिशव्यांत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं. कागद सुकत नाही, पण बुरशी थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो. किनाऱ्यावर मासळीवाल्याकडे फ्रीजर असतोच, त्याला सांगून ठेवा.

बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती पसरते. आधी सुकवायचं, मग नाकाला रुमाल बांधून अंगणात मऊ ब्रशने झटकायचं. दम्याच्या माणसाने हे काम करायचंच नाही.

२००५ आणि २०२१ च्या पुरांत चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं होतं. दीडशे वर्षांहून जुनी ती संस्था पुन्हा उभी राहिली. खाडीकाठी किंवा नदीकाठी घर असेल तर खालच्या फळीवर पुस्तकं ठेवूच नका, आणि वही नेहमी सगळ्यात वर.

फोनवरचा गट

गट हवा, पण आखून. सुप्रभात, वाढदिवस, आलेलं पुढे पाठवणं यांसाठी प्रत्येकाकडे दुसरे दहा गट आहेत. आमच्याकडे बुधवार हा खुणेचा दिवस. त्या दिवशी प्रत्येकाने पुस्तक, पान आणि एक ओळ टाकायची. वाटलं तर मिनिटभराचा आवाजी संदेश. रेंज कमी असली तरी तो जातो, आणि ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांना वाचण्यापेक्षा तो ऐकणं बरं पडतं. मुंबईला, पुण्याला असलेले चाकरमानी याच दिवसाने कट्ट्याशी जोडलेले आहेत. गणपतीला येताना ते वही बघून पुस्तकं आणतात.

अख्ख्या पुस्तकाच्या पीडीएफ टाकायच्या नाहीत. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. त्याआधीची फुकटची प्रत म्हणजे मराठी लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या ताटातलं काढून घेणं, आणि ती ताटं आधीच फार भरलेली नाहीत. छोटा उतारा मोठ्याने वाचून दाखवायला कायद्याने मोकळीक आहे, कट्ट्याला तेवढी पुरते.

दिवाळी अंकांची भिशी

१९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत दिवाळी आणि वाचन एकत्र आलं. एका घराला दहा अंक घेणं परवडत नाही, दहा घरांना एकेक परवडतो. दसऱ्याच्या सुमारास बसून कोण कुठला घेणार ते वाटून घ्यायचं म्हणजे दोघांकडे एकच अंक होत नाही. मग दर आठ दिवसांनी अंक पुढच्या घरी सरकतो. प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या एका लेखाशी खूण ठेवून द्यायची. शिमग्यापर्यंत अंक फिरून मूळ घरी येतो तेव्हा त्यात नऊ खुणा असतात, आणि त्या खुणा बघणं हीच एक बैठक होते.

वर्षातून एकदा बाहेरही जातो. ६ जानेवारीला, 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र १८३२ साली ज्या दिवशी निघालं त्या दिवशी, ते काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांच्या गावी, पोंभुर्ल्याला. तालुक्यातच असल्याने एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. येताना गाडीत वाचन चालतं.

सुरुवात करायला फार काही जमवावं लागत नाही. तीन माणसं, तीन चालू पुस्तकं आणि एक वही असली की पहिली बैठक होते. आम्ही नवीन माणसाला जो निरोप पाठवतो तो असा आहे, हवा तर तसाच वापरा:

'येत्या रविवारी चार वाजता ओटीवर या. जे वाचत असाल ते घेऊन या. तोवर संपवू नका.'